दयेचा अर्ज

माफी मागण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. इतर लोक आधी चूक करतात आणि मग माफी मागतात. या गृहस्थांची माफी आधीच तयार असे, चूक तिच्या मागून सावकाश यायची. किवींच्या देशात, पामर्स्टन नॉर्थ गावात, त्यांच्या लाकडी घराच्या मागच्या अर्ध्या भागात मी दीड वर्ष राहिले. त्यातले शेवटचे सहा महिने पुण्याहून आलेली माझी आई माझ्याबरोबर होती. एवढ्या काळात त्यांनी आमची इतक्या वेळा आणि इतकी रसाळ क्षमा मागितली, की घरातली एकही वस्तू दुरुस्त करायला त्यांना सवड झाली नाही.

ते मूळचे वसईचे, पासष्टीच्या पुढचे, एकटे. तरुणपणी फादर व्हायला म्हणून सेमिनरीत गेले, तीन वर्षांनी बाहेर पडले आणि तिथलं लॅटिन तेवढं सोबत घेऊन आले. मग इथे येऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाले. बारा महिने शॉर्ट्स आणि पायात जांडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला. कडाक्याची थंडी पडली की जांडल्सच्या आत मोजे. मध्ययुगातल्या युरोपात ख्रिस्ती माणसं देवाजवळ काय बोलत, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्या काळच्या प्रार्थना लॅटिनमधून मराठीत आणायचं काम ते वीस-बावीस वर्षं करत होते. त्यांच्या जाडजूड फायली वाचणारं जगात कोणी नव्हतं, त्यामुळे ते वाचन भाडेकरूच्या गळ्यात पडे.

त्यांचा पहिला प्रताप मी राहायला आल्यावर पंधरा दिवसांत पाहिला. बाथरूममध्ये गरम पाणी येईना, म्हणून मी पुढच्या दाराशी जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दारातल्या पायपुसण्यावर चक्क गुडघे टेकले.

"दोष माझा," ते म्हणाले. "सगळा माझा. तू थंड पाण्याने आंघोळ केलीस आणि मी गरम पाण्याने. माझ्याइतका नालायक घरमालक या गावात नसेल."

"काका, उठा ना प्लीज. प्लंबरला फोन करा, एवढंच म्हणतेय मी."

"प्लंबर नंतर. आधी मला कबूल करू दे."

रस्त्यावरून कुत्रं फिरवणाऱ्या बाई थांबून बघायला लागल्या. मी लाजेने अर्धी झाले. त्यांना दंडाला धरून उठवलं, "अहो, होतं असं कधीकधी" म्हणून समजूत घातली, वर आत बोलावून चहा पाजला. ते डोळे पुसत परत गेले. मग माझ्या लक्षात आलं की फोन कोणी केलाच नाही. प्लंबर मीच बोलावला.

यामागे शास्त्र आहे हे त्यांनी मला नंतर समजावून दिलं. त्यांच्या मते मध्ययुगातला माणूस आपल्यापेक्षा फार हुशार. देव म्हणजे न्यायाधीश, शेवटच्या दिवशी त्याच्यासमोर उभं राहायचंय, हे तो पक्कं जाणून होता. अशा कोर्टात "मी निर्दोष आहे" म्हणणारा पहिल्या मिनिटाला हरतो, कारण न्यायाधीशाला सगळंच ठाऊक असतं. म्हणून न्याय मागायचाच नाही. सगळे गुन्हे कबूल करायचे, जमल्यास दोन-चार जास्तीचेही, आणि मग दयेचा अर्ज करायचा. मला तूच घडवलंस, मला टाकलंस तर तुझंच काम वाया जाईल. माझ्यासाठी तू क्रुसावर आधीच एवढं सोसलंस, आता शेवटी हात आखडता का घेतोस? आणि तुझ्या रागापासून मी पळू कुठे, तुझ्यापासून वाचायला तुझ्याकडेच तर यावं लागतं.

"बघ, काय युक्तिवाद आहे!" ते म्हणाले. "वकिलांनी शिकावा असा."

युक्तिवाद सुंदर आहे, हे मीही मान्य करते. जी माणसं प्लेगच्या छायेत, दाराशी आलेल्या मरणाकडे बघत ते शब्द बोलली, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही वावगं नाही. माझा राग आहे तो तेच शब्द उचलून बाथरूमच्या नळासाठी वापरणाऱ्या माणसावर.

आणि ते कुठे वापरायचं त्यांनी बाकी ठेवलं नव्हतं. ग्रंथालयाचं पुस्तक उशिरा परत करताना तेच. दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट चुकवली की तेच. चर्चच्या जेवणाला यांनी भात आणायचा होता, तो विसरले आणि चाळीस माणसांनी नुसती करी खाल्ली. यांनी उभं राहून अशी काही क्षमा मागितली की म्हणे दोन आजीबाई रडल्या. एकदा हॅमिल्टनहून येताना पोलिसाने वेगासाठी गाडी अडवली. त्याला त्यांनी सांगितलं, "ऑफिसर, मी गुन्हेगार आहे. माझ्या करणीच्या मापाने मला मोजू नका, तुमच्या मोठेपणाच्या मापाने मोजा." पोलिसाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" मग म्हणाला, "हळू चालवा, स्वीट ॲज," म्हणजे आपलं "चालतंय, जा." ही गोष्ट त्यांनी आम्हाला तीन वेळा सांगितली, दर वेळी विजयी मुद्रेने.

दुसऱ्याला क्षमा करण्यातही हात सढळ. एकदा मी रिसायकलिंगचा डबा चुकीच्या आठवड्यात बाहेर ठेवला. तो डबा मागे ओढून आणायला मी गेले, तर हे कुंपणाशी उभे. "मी तुला मनापासून क्षमा केली आहे," म्हणाले. मी मागितली नव्हती हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण रात्रपाळी करून आले होते, वाद घालायचं त्राण नव्हतं.

आई आली ती फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात. वय एकाहत्तर, छाती पहिल्यापासून नाजूक. मी हॉस्पिटलात नर्स, पाळ्या करून दिवसा झोपणारी, म्हणून आतली खोली मी घेतली आणि आईचा पलंग बाहेरच्या मोठ्या खोलीत लावला. त्या खोलीत हीटर नव्हता. भाड्याच्या घरात बसण्याच्या खोलीला हीटर हवाच, असा इथे कायदा आहे. मी काकांना ते सांगितलं. त्यांनी लगेच कबूल केलं, छातीवर हात ठेवून. "थंडीच्या आधी बसवतोच. नाही बसवला तर तू मला काय म्हणशील?"

काय म्हणायचं ते मी लिहून द्यायला हवं होतं. इथे घरमालकाला तोंडी काही सांगत नाहीत. ईमेल करतात, तारीख घालतात. माझ्याबरोबर काम करणाऱ्या इथल्या पोरींनी मला हे हजारदा सांगितलं होतं. पण वसईचा माणूस, मराठीत बोलणारा, आईच्या हातची थालीपीठं वाखाणून खाणारा; त्याला ईमेल काय करायचं? मी त्यांना चहाला बोलवायची आणि पोहे पुढे ठेवून तक्रार करायची. परक्या घरमालकाशी मी असं कधीच वागले नसते. आपला माणूस म्हणून वागले, आणि हा मूर्खपणा माझा.

एप्रिलमध्ये मी जरा आवाज चढवला, तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. त्यांच्या फायलीत त्याचीही सोय होती. न्यायाधीश फारच रागावलेला असला की त्या काळची माणसं थेट त्याच्याकडे जात नसत, त्याच्या आईकडे जात. तिने पदर पसरला की त्याचा हात थांबतो. हे मला त्यांनी स्वतःच शिकवलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात बादलीभर फिजोआ घेऊन ते माझ्या आईकडे येऊन बसले. फिजोआ म्हणजे इथलं पेरूच्या वळणाचं हिरवं फळ. एप्रिलमध्ये ते ज्याच्या त्याच्या परसात सडत असतं आणि लोक ते वाटून मोकळे होतात. आईला मात्र त्याचं भारी कौतुक वाटलं.

"ताई, तुमची मुलगी न्यायाची आहे," ते तिला म्हणाले. "तिच्या न्यायापुढे माझा निभाव लागायचा नाही. तुम्हीच माझ्या वतीने दोन शब्द बोला."

आई बोलली. संध्याकाळी मी कामावर निघताना म्हणाली, "जाऊ दे गं. एकटा माणूस आहे. देवाधर्माचं करतो. आपल्याकडे नाही का, पतित मी आणि पावन तू म्हणतात, तसंच त्यांचं. बसवेल हीटर, पळून जातोय का?"

मी बॅग उचलून निघाले. खरं सांगायचं तर माफ करायला मला बरंही वाटायचं. माफ करणाऱ्याला आपण उंच झाल्यासारखं वाटतं, आणि समोरच्याच्या या हळव्या जागेवर बोट ठेवण्यात काकांची बावीस वर्षं गेली होती.

जूनमध्ये थंडी आणि पाऊस एकदमच आले. आईच्या पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. मी ब्लीचने पुसायची, आठवड्यात ते परत यायचे. खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी ओघळायचं. आई स्वेटर, त्यावर माझं फुगीर पफर जॅकेट, त्यावर शाल अशी बसून असायची आणि बोलताना मध्येच थांबून खोकायची. मी काकांना हाताला धरून आत आणलं आणि ती भिंत दाखवली.

त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे माझ्या आत्म्याचं चित्र आहे," म्हणाले.

"काका, ही बुरशी आहे. आत्मा नंतर बघू. आईच्या छातीत जातेय ती."

"कबूल. मला कसलाही बचाव नाही."

त्या दिवशी मी त्यांना एक सरळ प्रश्न विचारला. "तुमच्या त्या काळात माणसाने कबुली दिली की झालं? पाद्री त्याला काही करायला लावत नसत?"

"लावत ना," ते उत्साहाने म्हणाले. "फार कडक. उपास करायचे, अनवाणी यात्रेला जायचं. कुणाचं घेतलं असेल ते परत करायचं, कुणाचं मोडलं असेल ते भरून द्यायचं. त्याशिवाय पुरं होत नसे."

"मग?"

"तो दुसरा विषय आहे गं," ते म्हणाले. "माझा अभ्यास फक्त प्रार्थनांचा."

हे वाक्य त्यांनी थट्टेने म्हटलं असतं तर मी हसले असते. ते अगदी गंभीरपणे, एखाद्या विद्वानाने आपली मर्यादा सांगावी तसे बोलले. मला हात उगारावासा वाटला, आणि ते मी लपवून ठेवत नाही.

इतकं सगळं ऐकून कोणाला वाटेल की माणूस ढोंगी होता. मलाही तसंच वाटायचं. पण एका सकाळी ड्यूटीवरून येताना कपडे धुवायला टाकावेत म्हणून मी गॅरेजकडे वळले, तर वॉशिंग मशीनच्या शेजारी काँक्रीटवर हे गुडघे टेकून बसलेले. दाराकडे पाठ. समोर कोणी नाही, मी नाही, पोलीस नाही. हात जोडलेले. लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटत होते आणि मध्येच लहान मूल घाबरून म्हणतं तसं मराठीत "नको, नको" म्हणत होते. मी पावलं न वाजवता परत फिरले. ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंग्याशी भांडता येतं. हा खराच घाबरलेला होता, आणि त्या खऱ्या भीतीचा आमच्या भिंतीला काडीचा उपयोग नव्हता.

जूनच्या अखेरीस आईला न्यूमोनिया झाला. मी काम करते त्याच हॉस्पिटलात तिला दाखल केलं. तरुण डॉक्टरने छाती ऐकली, एक्स-रे पाहिला आणि मला विचारलं, "घर कोरडं आहे का तुमचं? गरम असतं का?" इथे हा प्रश्न डॉक्टर सगळ्यांनाच विचारतात. मी स्वतः रुग्णांना तो विचारलेला आहे आणि उत्तर ऐकून मनात म्हटलेलं आहे, काय माणसं असतात, म्हाताऱ्या आईला असं ठेवतात. त्या दिवशी मी मान खाली घालून "नाही" म्हणाले.

तिसऱ्या दिवशी काका वॉर्डात आले. हातात फुलं, आणि मोज्यांसकट जांडल्स. आईला ऑक्सिजन लावलेला होता, ती डोळे मिटून पडली होती. तिच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी माझी क्षमा मागितली. मग ड्यूटीवरच्या सिस्टरची मागितली. शेजारच्या पलंगावरच्या माओरी आजींनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांचीही मागितली. त्या बिचारीने यांचा हात हातात घेऊन थोपटला. माझी तिथली नर्स मैत्रीण मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "सच अ लव्हली मॅन, युअर लँडलॉर्ड." त्याच मिनिटाला मी ठरवलं, की आता दया पुरे.

मी पत्र लिहिलं, तारीख घातली, आणि घरभाड्याच्या तंट्यांसाठी जे सरकारी ट्रायब्युनल असतं तिथे अर्ज केला.

सुनावणी गावातल्याच एका साध्या खोलीत झाली. टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा जग. निवाडा देणाऱ्या बाई मध्यमवयीन, केस आखूड. "किआ ओरा" म्हणून त्यांनी दोघांचं स्वागत केलं आणि आधी मला विचारलं, "हीटर नाही हे तुम्ही लेखी कधी कळवलंत?"

मी पत्राची तारीख सांगितली.

"त्यापूर्वी? तुमची आई आजारी पडण्यापूर्वी?"

"त्यापूर्वी चहाला बोलावून सांगत होते," मी म्हणाले. इंग्रजीत ते वाक्य इतकं खुळचट वाटलं, की मला जमिनीत गडप व्हावं असं झालं. बाईंनी ते टिपून घेतलं.

मग काकांची पाळी आली. बसूनच बोला असं सांगितलं होतं, तरी ते उभे राहिले. त्यांनी सगळं कबूल केलं. हीटर, बुरशी, न्हाणीघरातला बंद पंखा. मी अर्जात लिहायला विसरले होते तो छताचा गळका पत्रासुद्धा. मी न्याय मागत नाही, म्हणाले, कारण न्यायाच्या तराजूत मी उणाच भरणार. तुमच्यापासून पळून मी तुमच्याकडेच आलो आहे. आवाज सुरेख लागला होता. इतक्या वर्षांच्या अभ्यासाचं खरंखुरं कोर्ट त्यांना प्रथमच मिळालं होतं.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे अर्जदार म्हणतात ते सगळं तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य? मॅम, त्याहून किती तरी जास्त..."

"थँक यू," बाई म्हणाल्या. "मग आपला बराच वेळ वाचला." आणि त्यांनी लिहायला सुरुवात केली. खोली गरम करणारा हीट पंप, पंखा, छताची दुरुस्ती, जमिनीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद. सगळं चौदा दिवसांत.

काका उभेच. "आणि दया?" त्यांनी विचारलं.

"तशी तरतूद माझ्याकडे नाही," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "चौदा दिवस मात्र आहेत."

मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि एकटीच खदखदून हसले. मग रडले, कारण चौदा दिवसांचंच काम होतं ते. फेब्रुवारीपासून चौदा दिवसांचं काम.

तेराव्या दिवशी हीट पंप बसला. आई घरी येऊन आठवडा झाला होता. ती पलंगावर उशांना टेकून बसायची, आणि एक वाक्य बोलली की थांबून दोन श्वास घ्यायची. फुप्फुसं आता पहिल्यासारखी होणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तिला नव्हतं सांगितलं, पण तिला कळलेलं होतं. ऑगस्टमध्ये तिला परत जायचं होतं आणि विमानतळावर व्हीलचेअर लागणार होती. येताना तिच्या दोन्ही बॅगा तिनेच ओढत आणल्या होत्या.

इलेक्ट्रिशियन गेल्यावर काका आत आले. खोली उबदार झाली होती. त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या यंत्राकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि चष्मा काढला. आतापर्यंत त्यांनी माझी माफी मागितली होती, नर्सची, शेजारच्या आजींची, ट्रायब्युनलच्या बाईंची, देवाची तर रोजच. आईकडे ते नेहमी शिफारस मागायलाच आले होते. तिच्याच छातीचं वाटोळं झालंय आणि तिचंच आपण काही देणं लागतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथम सुचलं असावं. त्यांनी पलंगाचा कठडा धरला आणि गुडघे वाकवले.

आईने हात वर केला.

"भाऊ, नको," ती म्हणाली. थांबली. दोन श्वास घेतले.

"ताई, दोष सगळा..."

"माहीत आहे मला. मागू नका." पुन्हा थांबली. राग नव्हता तिच्या आवाजात, नुसता थकवा होता. "तुम्ही माफी मागितलीत की तुम्हाला धीर आम्हीच द्यायचा असतो." पुन्हा दोन श्वास. "आता तेवढा दम नाही हो राहिला माझ्यात."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. काका कठडा धरून तसेच अर्धवट वाकून उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांनी दुसरं काही बोलायला शिकूनच ठेवलं नव्हतं.